‘लिटल मिनिस्टर’ आणि ‘स्टिकिट मिनिस्टर’

जे. एम. बॅरी यांची ‘द लिटल मिनिस्टर’ (१८९१) ही कादंबरी आणि एस. आर. क्रॉकेट यांचा ‘द स्टिकिट मिनिस्टर’ (१८९३) हा कथासंग्रह ही एकाच लेखकाची पुस्तके आहेत, निदान एकाच पाळकाच्या (‘मिनिस्टर’ म्हणजे इथे मंत्री नव्हे, चर्चचा पाळक) दोन कथा आहेत, असे समजून बोलणारे चांगले वाचक मला इतक्या वेळा भेटले आहेत की हा घोटाळा एकदाचा निस्तरून टाकावा असे वाटते.

बॅरी हे ‘पीटर पॅन’चे कर्ते म्हणून सर्वांच्या परिचयाचे असल्याने त्यांच्याविषयी फार लिहीत नाही. त्यांचा ‘लिटल’ मिनिस्टर गॅव्हिन डिशार्ट हा वयाने तरुण आणि अंगाने बुटका असा रीतसर पाळक आहे, आणि तो बॅबी नावाच्या जिप्सी वाटणाऱ्या तरुणीच्या प्रेमात पडतो. त्याचे थ्रम्स हे गाव म्हणजे स्कॉटलंडच्या पूर्वेकडील अँगसमधले किरीम्यूर. ते विणकरांचे गाव, आणि ‘थ्रम्स’ म्हणजे मागावर उरणाऱ्या सुताच्या दशा. क्रॉकेट यांचा मुलूख नैर्ऋत्येकडचा, गॅलोवेच्या डोंगराळ शेतांचा आणि मेंढपाळांचा.

खरी अडचण ‘स्टिकिट’ या शब्दाची आहे. त्याचे ‘चिकटलेला’ किंवा ‘हट्टी’ असे भाषांतर पाहिले की मला राहवत नाही. स्कॉट्स बोलीत हाती घेतलेले काम मध्येच अडून राहिले, तडीस गेले नाही, की ते ‘स्टिकिट’ होते. स्कॉटलंडमध्ये पाळक होऊ पाहणाऱ्या मुलाने आधी विद्यापीठाचा अभ्यासक्रम संपवायचा, मग धर्मशास्त्र शिकायचे, प्रेसबिटरीपुढे, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या पाळक-वडिलांच्या सभेपुढे, परीक्षा देऊन प्रवचनाचा परवाना मिळवायचा, एखाद्या चर्चच्या मंडळीचे बोलावणे येण्याची वाट पाहायची आणि शेवटी दीक्षा घ्यायची, असा लांबचा रस्ता होता. त्यात जो कुठेतरी थांबला तो स्टिकिट मिनिस्टर, म्हणजे पाळक होता होता राहिलेला माणूस. वॉल्टर स्कॉट यांच्या ‘गाय मॅनरिंग’मधील (१८१५) डोमिनी सॅम्पसन पहिल्याच प्रवचनाला उभा राहतो, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, डोळे गरगरतात, आणि बायबल मिटून तो व्यासपीठाच्या पायऱ्या अडखळत उतरतो; त्या दिवसापासून त्याला हेच नाव चिकटते. ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकवले, त्या घराची सगळ्या गावादेखत झालेली नाचक्की या एका शब्दात भरलेली आहे.

क्रॉकेट यांचे मोठेपण असे की त्यांनी हा हिणवणारा शब्द शीर्षकात घेतला आणि कथेत त्याचा अर्थच उलटवला. मार्चअखेरच्या वाऱ्यात नांगर चालतो आहे, मागे कावळे उतरत आहेत, आणि धर्मशास्त्र अर्धवट सोडून शेतीवर परतलेल्या रॉबर्ट फ्रेझरला गाव नापास समजते आहे. प्रत्यक्षात, आपला छातीचा रोग बरा होणारा नाही हे डॉक्टरांकडून कळल्यावर त्याने स्वतःच्या शिक्षणाचा पैसा धाकट्या भावाला डॉक्टर करण्यासाठी दिलेला असतो. भाऊ डॉक्टर होतो आणि त्याच्याशी तुटकपणे वागतो. शब्दाचा नेमका अर्थ ठाऊक नसेल, तर ही कथा नुसती करुण वाटते आणि तिच्यातला अन्याय वाचकाच्या लक्षातच येत नाही. माझ्या मते बॅरींच्या संपूर्ण कादंबरीपेक्षा ही छोटी कथा सरस आहे.

१८९५ मध्ये समीक्षक जे. एच. मिलर यांनी या लेखकांवर ‘केलयार्ड’, म्हणजे परसातल्या कोबीच्या वाफ्याचा, शिक्का मारला; खेड्यापुरते भाबडे, भावुक लेखन असा त्याचा रोख होता. क्रॉकेट यांच्यावर तो आजही मारला जातो हे मला मान्य नाही, कारण ‘द रेडर्स’ (१८९४) ही चोरटा व्यापार करणाऱ्यांची आणि जिप्सींची साहसकथा कोणत्याही परसात मावणारी नाही.

याच गोंधळातून क्रॉकेट हे स्वतःच ‘स्टिकिट मिनिस्टर’ होते असेही म्हटले जाते, आणि तेही चूक आहे. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन ज्या फ्री चर्चमध्ये (स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चमधून फुटून निघालेल्या चर्चमध्ये) गेले, त्याच चर्चची दीक्षा घेऊन क्रॉकेट १८८६ पासून पेनिकुइक येथे पाळक होते. १८९५ मध्ये लेखनासाठी त्यांनी ते पद आपण होऊन सोडले, आणि दीक्षा घेऊन पद सोडणाऱ्याला स्कॉट्समध्ये ‘स्टिकिट’ म्हणत नाहीत.