इंग्लंडच्या शेतांवरचे युद्धकैदी: 'सहकारी' म्हणजे नेमके कोण?

इंग्लंडच्या खेड्यांना परदेशी कैदी नवे नव्हते. १७९७ साली पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस इथे खास युद्धकैद्यांसाठी तळ उभारला गेला. तिथले फ्रेंच कैदी जेवणातली हाडं कोरून जहाजं बनवायचे आणि विकायचे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मात्र सरकारला कैदी देशात नकोच होते. १९३९ साली छावण्या दोनच, एक लेक डिस्ट्रिक्टमधल्या वाड्यात आणि दुसरी ओल्डमच्या कापडगिरणीत. पुढे जर्मन हाती लागले की कॅनडाच्या बोटीत बसवले जात. हे धोरण बदललं ते शेतीपायी. गडीमाणसं फौजेत गेली होती, धान्याच्या बोटी पाणबुड्या बुडवत होत्या, आणि उत्तर आफ्रिकेत लाखावर इटालियन सैनिक हाती लागले होते. जुलै १९४१ पासून ते इंग्लंडच्या शेतांवर दिसू लागले.

आधी तारेच्या कुंपणातली मूळ छावणी, मग तिच्या हाताखालची छोटी वसतिगृहं, आणि भरवशाच्या माणसाला थेट शेतकऱ्याच्या घरीच मुक्काम. यॉर्कशायरमध्ये माल्टनजवळच्या ईडन कॅम्पात १९४२ ला आधी तंबूच होते. पक्क्या बराकी इटालियन कैद्यांनीच बांधल्या. कोणाकडे किती माणसं द्यायची ते जिल्ह्याची शेती समिती ठरवी. शेतकरी चालू दराने मजुरी सरकारात भरी. कैद्याला मात्र छावणीच्या दुकानापुरती चालणारी टोकनं मिळत. कपड्यांवर मोठं रंगीत ठिगळ असे, म्हणजे पळालाच तर लांबून ओळखू यावा.

खरा गुंता झाला सप्टेंबर १९४३ मध्ये. इटलीने शरणागती पत्करली आणि पुढच्याच महिन्यात जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. मग हे कैदी शत्रू की मित्र? १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार कैद्याला लढाईशी थेट संबंध असलेलं काम देता येत नव्हतं. यावर १९४४ च्या वसंतात तोडगा निघाला तो 'सहकारी' कैद्यांचा. (आपल्याकडे सहकारी म्हटलं की साखर कारखाना आठवतो, तो अर्थ इथे नाही.) जो अशाही कामाला राजी होईल त्याचं ठिगळ जाई, खांद्यावर 'इटली' अशी पट्टी येई, छावणीबाहेर फिरायची मुभा आणि पगाराचा काही भाग खऱ्या नाण्यांत मिळे. निम्म्याहून जास्त लोक राजी झाले. पण कायद्याने ते युद्धकैदीच राहिले. माझ्या मते ही सरळसरळ सोयीची पळवाट होती: मित्र म्हणून कामाला जुंपायचं आणि कैदी म्हणून घरी पाठवायचं नाही. १९४५ चा हंगामही त्यांच्याकडूनच काढून घेतला. परतीच्या बोटी त्या वर्षाच्या शेवटी सुरू झाल्या.

तोवर जर्मन कैदीही आले होते. सप्टेंबर १९४६ मध्ये त्यांची संख्या ४ लाखांवर होती, आणि युद्ध संपून वर्ष उलटलं होतं! जर्मनीशी तहच झालेला नसल्याने परतपाठवणीची घाई नाही, असा युक्तिवाद होता. डरहॅममधल्या हार्परलीत कैद्यांनी बराकीतच रंगमंच उभारला, वादकांसाठी समोर खड्डाही खणला. १९४६ च्या नाताळात लोकांच्या घरी जेवायला जायची परवानगी मिळाली. १९४७ च्या जबर हिवाळ्यात रस्त्यांवरचं बर्फ उपसायलाही हीच माणसं होती. त्याच जुलैत इंग्रज मुलींशी लग्नाची बंदी उठली. १९४८ च्या उन्हाळ्यात परतपाठवणी संपली तेव्हा चोवीसएक हजार जण मागेच राहिले.