गॉडफ्रेज कॉर्डियल आणि व्हिक्टोरियन काळातली बाळं

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमध्ये बाळ किरकिर करायला लागलं की बऱ्याच गरीब घरांत एक बाटली निघायची, गॉडफ्रेज कॉर्डियलची. त्यात काय, तर अफू, काकवी, पाणी आणि वासापुरते मसाले. पोटात मुरडा, दात येणं, जुलाब, सगळ्यावर हेच, आणि मिळायचं अगदी वाण्याच्या दुकानातसुद्धा.

आज हे वाचून लोक म्हणतात काय आया होत्या, पण मला ते अजिबात पटत नाही. लँकेशायरच्या गिरण्यांत, नॉटिंगहॅमच्या लेसच्या कामात या बाया दिवसभर राबायच्या, बाळ कुणा शेजारच्या म्हातारीकडे टाकून, डॉक्टरची फी परवडायची नाही, रजा मागितली तर पगार गेला, मग करणार काय?

खरा घात बाटलीतच होता. प्रत्येक दुकानदार आपल्या अंदाजाने मिक्श्चर बनवायचा, त्यामुळे एका दुकानाच्या चमच्याची सवय झालेल्या बाळाला दुसरीकडचा तेवढाच चमचा भारी पडायचा. त्यात अफू तळाशी बसायची, म्हणजे बाटली नीट हलवली नाही तर शेवटचे चमचे सगळ्यात कडक. आणि सगळी बाळं काही ओव्हरडोसने गेली नाहीत, कित्येक नुसती सुकत गेली, कारण अफूने भूकच मरते, गुंगीत पडलेलं बाळ दुधासाठी रडतच नाही. अशा मृत्यूंची नोंद बहुतेक वेळा 'अशक्तपणा' म्हणून व्हायची.

१८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूच्या विक्रीवर बंधनं आणली खरी, पण पेटंट औषधं, म्हणजे ठरावीक नावाने विकली जाणारी तयार औषधं, त्यातून वगळली, म्हणजे नेमकी बाळांच्या तोंडात जाणारी बाटली सुटली. दात येतानाच्या पावडरींत तर पारा असायचा, तो पार १९५० च्या दशकापर्यंत.

आपल्या ओळखीचं वुडवर्ड्स ग्राइप वॉटरही याच नॉटिंगहॅमचं, १८५१ चं. त्यात अफू नव्हती, बाळंतशेपाचं तेल, सोडा, साखर आणि थोडं अल्कोहोल.

आपल्याकडेही हे होतंच. मुंबईच्या गिरण्यांतल्या बाया कामावर निघताना तान्ह्याला बाळगोळी चाटवायच्या, तीही अफूचीच, गिरणीतली पाळी संपेपर्यंत त्याने झोपून राहावं म्हणून.