वाऱ्याने नव्हे, ओझ्याने घडलेल्या कमानी

सौदी अरेबियातल्या तैमाजवळच्या ‘अल नस्ला’ शिळेचा व्हिडिओ अधूनमधून नव्याने फिरू लागतो. सरळ रेषेत दुभंगलेला प्रचंड दगड, दोन्ही भाग अरुंद पायांवर तोललेले, आणि खाली ओळ: ‘परग्रहवासीयांनी लेझरने कापला!’ वालुकाश्मात भूकवचातल्या ताणांमुळे अशा सरळ, सपाट भेगा जागोजागी पडतात. त्यातलीच एखादी भेग झिजून रुंदावली की अशी फट तयार होते, तिला परग्रहाची गरज नाही. वाईट याचे वाटते, की लेझरच्या नादात त्याच शिळेवर माणसांनी कोरलेली चित्रे कुणी बघत नाही.

दुसरा गैरसमज जास्त सभ्य आहे, म्हणून जास्त टिकून आहे: वाळवंटातले सगळे आकार म्हणे वाऱ्याने कोरले. वाळूचे कण वाऱ्यावर उड्या मारत जातात, पण फार वर जात नाहीत. बहुतेक वाळू जमिनीपासून मीटरभर उंचीच्या आतच धावते, हे वाळवंटातल्या वाळूचा अभ्यास करणारे ब्रिटिश अभियंते राल्फ बॅग्नोल्ड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवले होते. सौदीतल्याच अल उला गावाजवळचा हत्तीच्या आकाराचा ‘जबल अल फील’ ५२ मीटर उंच आहे. त्याच्या सोंडेमागची भलीमोठी पोकळी वाळूच्या माऱ्याने कोरली जाणे अवघड आहे.

मग ती कोरली कुणी? वालुकाश्म म्हणजे एकमेकांना चिकटलेले वाळूचे कण. पाणी आणि क्षार हे बंध सैल करतात. बंध सैल झाला तरी कण लगेच गळत नाही, कारण वरच्या खडकाचे ओझे त्याला शेजारच्या कणांत दाबून धरते. पुस्तकांची ओळ दोन्ही तळहातांनी दाबून उचलली तर मधली पुस्तके पडत नाहीत, तसेच. जिथे हे ओझे पोहोचत नाही, तिथले कण मात्र सुटतात.

खरी गंमत यापुढे आहे. कण गळाले की खडकाचा आडवा छेद कमी होतो. वरचे वजन तेवढेच राहते, म्हणून उरलेल्या भागावरचा दाब वाढतो. दाब वाढला की कण आणखी घट्ट धरले जातात आणि झीज मंदावते. म्हणजे झीजच झिजेला आवर घालते. भार ज्या वाटेने जमिनीत उतरतो ती वाट शिल्लक राहते आणि बाकीचे गळून जाते. भाराची वाट वक्र असेल तर कमान उरते, उभी असेल तर खांब. चेक प्रजासत्ताकातले भूवैज्ञानिक यिर्झी ब्रुथान्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली हे प्रयोगाने दाखवले. स्ट्रेलेच खाणीतल्या वाळूखडकाचे ठोकळे त्यांनी वजनाखाली ठेवून पाण्यात बुडवले. बिनओझ्याचा ठोकळा विरघळल्यासारखा ढासळला. ओझ्याखालचा ठोकळा थोडा झिजला आणि मग थांबला. कमानी, खांब, कोनाडे हे आकार प्रयोगशाळेतही उमटले. दाब खडकाच्या सहनशक्तीबाहेर गेला तर तो फुटतो, हे अर्थातच खरे. म्हणून कमानी कधी ना कधी कोसळतातही.

अल उलापासून जवळच हेग्रा आहे, नबातियन या प्राचीन अरब व्यापारी लोकांचे शहर. २००८ साली जागतिक वारसा यादीत आलेले हे सौदीचे पहिले स्थळ. इथे याच वालुकाश्मात कोरलेल्या १११ भव्य समाध्या आहेत, त्यांतल्या ९४ सुशोभित. त्या वरून खाली कोरल्या गेल्या. ‘कसर अल फरीद’ नावाच्या समाधीचा खालचा भाग अर्धवट राहिल्याने हा क्रम डोळ्यांना सरळ दिसतो.

इथे गेलात तर दर्शनी भागांच्या नक्षीइतकेच पायथ्याकडेही बघा. खडकाच्या सूक्ष्म छिद्रांतून जमिनीतला ओलावा वर चढतो आणि क्षारही सोबत आणतो. पृष्ठभागाजवळ पाणी उडून गेले की क्षारांचे स्फटिक छिद्रांत वाढतात आणि खडक आतून उकलतात. म्हणून खालचे काठ खाल्ल्यासारखे दिसतात, तर वर छिन्नीचे घाव पुष्कळदा शाबूत असतात. आणि त्या खालच्या काठांना हात लावू नका. सुटलेल्या पापुद्र्यावर वरच्या कड्याचे ओझे नसतेच, त्याला धरून ठेवणारे काही उरलेले नसते, त्यामुळे बोटाचा धक्काही त्याला पुरतो.