कारगिल: चूक हेरखात्याची की टेहळणीची?

१९९९च्या कारगिल युद्धाचा विषय निघाला की ‘आपलं हेरखातं झोपलं होतं’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यात दोन वेगळ्या जबाबदाऱ्यांची सरमिसळ होते.

टेहळणी हे ताबारेषेवरच्या सैन्याचं स्वतःचं काम. आपल्या बाजूच्या कड्यांवर कोणी येऊन बसलंय का, हे गस्त घालून, चौक्यांवरून आणि हेलिकॉप्टरमधून बघायचं. काओबल गली ते चोरबट ला हा सुमारे १६८ किलोमीटरचा पट्टा. हिवाळ्यात तिथल्या काही चौक्या रिकाम्या केल्या जात. हवाई फेऱ्या व्हायच्या, पण बर्फात दडलेली माणसं वरून दिसणं महाकठीण. मे १९९९च्या सुरुवातीला बटालिककडच्या मेंढपाळांनी खबर दिली, तोवर शिखरं पाकिस्तानी घुसखोरांच्या ताब्यात गेली होती.

गुप्तवार्तेचा प्रश्न ताबारेषेपलीकडचा. पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीची कुठली बटालियन कुठून हलली, कशासाठी हलली? हे रॉ (परदेशातली माहिती काढणारं हेरखातं), आयबी (देशांतर्गत गुप्तवार्ता विभाग) आणि लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाने सांगायचं. युद्धानंतर आढावा घेणाऱ्या सुब्रह्मण्यम समितीने याच त्रुटीवर बोट ठेवलं: कारगिलसमोर १९९८मध्ये कोणत्या बटालियन होत्या, त्यात भर किंवा बदल झाला का, याची नेमकी माहिती आपल्याकडे नव्हती.

मला त्याहून अस्वस्थ करते ती जून १९९८ची गोष्ट. सीमेपलीकडच्या हालचालींबद्दल आयबीने पत्र लिहिलं. ते पंतप्रधान, गृहमंत्री आणि लष्करी कारवायांच्या महासंचालकांकडे गेलं. पण रॉचे प्रमुख, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक यांना पाठवलंच नाही. म्हणजे तुकडा हाती होता, पण तो इतर तुकड्यांशी जोडून बघणाऱ्यांच्या टेबलावर तो नव्हता. हे हेरांचं अपयश म्हणायचं की व्यवस्थेचं? माझ्या मते व्यवस्थेचं.

आणि त्याच रॉने मे १९९९च्या अखेरीस बीजिंगमध्ये असलेले पाकिस्तानी लष्करप्रमुख मुशर्रफ यांचं रावळपिंडीतले त्यांचे सहकारी जनरल अझीझ यांच्याशी झालेलं फोनवरचं बोलणं टिपलं. ‘शिखरांवर आमचे सैनिक नाहीत, ते मुजाहिदीन आहेत’ हा पाकिस्तानचा दावा त्यामुळे उघडा पडला. सगळेच झोपले होते, असं म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

पुढचे उपायही वेगवेगळे झाले. गुप्तवार्तेचे धागे जोडायला २००२मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था आली. टेहळणीसाठी मात्र वेगळी किंमत मोजावी लागते: त्या उंचीवरच्या चौक्यांत जवान आता हिवाळाभर राहतात.