रोमांश भाषा आणि स्विस राष्ट्रीयत्व

रोमांश ही स्वित्झर्लंडच्या आग्नेय भागात, ग्राउब्युंडेन या डोंगराळ प्रांतात बोलली जाणारी लॅटिनोद्भव भाषा. 2000 सालच्या जनगणनेत सुमारे 35 हजार लोकांनी ती आपली मुख्य भाषा म्हणून नोंदवली. म्हणजे देशात दोनशे माणसांमागे जेमतेम एक. तरीही जर्मन, फ्रेंच आणि इटालियन यांच्या पंक्तीला ती चौथी राष्ट्रीय भाषा म्हणून बसते. स्विस नोटांवर राष्ट्रीय बँकेचे नाव 'बांका नाझियुनाला स्विझ्रा' असे रोमांशमध्येही छापलेले असते.

हा मान संख्याबळावर मिळालेला नाही. मुसोलिनीच्या काळात इटालियन राष्ट्रवादी रोमांशला इटालियनची बोली ठरवून या खोऱ्यांवर हक्क सांगू पाहत होते. 'ना इटालियन, ना जर्मन. आम्ही रोमांशच राहणार' ही कवी पैडर लान्सेल यांची घोषणा त्याआधीच लोकांच्या तोंडी होती. 20 फेब्रुवारी 1938 च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी रोमांशच्या बाजूने कौल दिला. त्यांतल्या बहुतेकांची ही भाषा नव्हती. देश एका भाषेचा नाही, हेच त्यांना शेजाऱ्यांना ठणकावून सांगायचे होते. लोकशाहीच्या इतिहासात असा कौल विरळाच.

मात्र राष्ट्रीय भाषा झाली म्हणून ती राजभाषा झाली नाही. त्यासाठी 1996 चे सार्वमत व्हावे लागले, आणि तेव्हाही दर्जा मर्यादितच मिळाला: रोमांश भाषकांशी होणाऱ्या व्यवहारापुरती ती संघराज्याची राजभाषा आहे.

खरी ओढाताण घरातच झाली. रोमांशच्या पाच लिखित बोली आहेत. 1982 साली भाषातज्ज्ञ हाइनरिख श्मिड यांनी त्यांतल्या प्रमुख तीन बोलींच्या आधारे 'रुमांच ग्रिश्चुन' ही सामाईक प्रमाणभाषा घडवली. सरकारी कागदपत्रांत ती रुळली. पण 2003 मध्ये प्रांताने नवी पाठ्यपुस्तके फक्त तिच्यातच काढायचे ठरवले, तेव्हा गावोगावचे पालक बिथरले. मुलांनी आजीच्या बोलीतच वाचायला शिकावे, हा त्यांचा आग्रह रास्तच होता. अखेर 2011 मध्ये प्रांताने बोलींतली पुस्तके पुन्हा सुरू केली.

एंगाडिन खोऱ्यात 1 मार्चला 'चालांदामार्झ' साजरा होतो. मुले गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजवत, रोमांश गाणी म्हणत हिवाळ्याला पिटाळतात. यातलीच बरीच मुले पुढे शिक्षण-नोकरीसाठी खूर किंवा झुरिकला जातात आणि तिथे सगळा व्यवहार जर्मनमध्ये चालतो.