ओंगोलची गाय ब्राझीलची नेलोरे कशी झाली

ब्राझीलमध्ये वीस कोटींच्या वर गुरं आहेत आणि बीफसाठी पाळलेल्या बहुतेकांच्या अंगात आंध्रातल्या ओंगोल गाईचं रक्त आहे, तिथे तिला नेलोरे म्हणतात. पांढरी, वशिंडवाली, गळ्याखाली लोंबत्या पोळीची गाय. आपल्याकडे ती नांगराला आणि गाडीला जुंपायची जात, मांसासाठी तिला कोणी निवडलंच नव्हतं, ते सगळं तिकडे झालं.

1868 मध्ये इंग्लंडला निघालेल्या जहाजावरची एक जोडी ब्राझीलच्या साल्वाडोर बंदरात विकली गेली, मग 1878 ला जर्मनीत हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयातून अजून एक जोडी आली. युरोपची गुरं उन्हानं आणि गोचिडांनी बेजार व्हायची, ही मात्र निवांत चरायची. 1938 मध्ये जातीची नोंदवही सुरू झाली. शेवटची मोठी आयात 1960 नंतरच्या दोन-तीन वर्षांत, आणि बुळकांडीची, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीची, धास्ती एवढी की जनावरं आधी फर्नांडो दि नोरोन्या बेटावर क्वारंटाइन केली. त्यातला कारवाडी नावाचा वळू आजच्या वंशावळी काढल्या तर सारखा भेटतो.

खरं काम त्यापुढचं. वासराचं वजन, वाढ, कालवड किती लवकर गाभण राहते, हे पिढ्यानपिढ्या लिहून ठेवलं आणि त्यावरून वळू निवडले. मला तर वाटतं की सिमेन कांडीपेक्षा, म्हणजे गोठवलेल्या रेताच्या बारीक नळीपेक्षा, या वह्यांनीच जास्त फरक पाडला, कारण कांडीत कुणाचं रेत भरायचं हे वहीशिवाय कळणार कसं.

पण कृत्रिम रेतनात मोठी अडचण होती. हजारो गाई मोकळ्या रानात, त्यात या जातीचा माज थोडा वेळ टिकतो आणि बऱ्याचदा रात्री येतो, म्हणजे गुराख्याला दिसतच नाही. मग माज बघायचाच नाही, सगळ्या गाईंची बीजं एकदमच सुटतील असं करायचं ठरलं. गाईच्या योनीत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं साधन आठवडाभर ठेवायचं, काढताना इंजेक्शन द्यायचं, आणि साधारण दोन दिवसांनी अख्ख्या कळपाला एकाच दिवशी रेतन करायचं. 2000 नंतर हे झपाट्यानं पसरलं, आणि भल्या मोठ्या कळपांना सुद्धा निवडक वळूचं रेत परवडायला लागलं.

दुसरी गोष्ट, लॅबमध्ये गर्भ तयार करणं, मात्र गाईनं स्वतःच सोपी केली. वशिंडाच्या गाईच्या अंडाशयात एका वेळी युरोपियन गाईपेक्षा खूप जास्त बीजपुटं, म्हणजे बीज वाढतं त्या बारीक पिशव्या, असतात, त्यामुळे सोनोग्राफी बघत सुईनं बीजं काढली की भरपूर मिळतात, लॅबमध्ये फलित करून साध्या गाईंच्या पोटात वाढवता येतात. म्हणूनच ब्राझील या कामात जगात पुढे गेला. वियाटिना-19 नावाच्या गाईचा एक तृतीयांश हिस्सा 2023 मध्ये 14 लाख डॉलरच्या वर विकला गेला, तिचं वजन 1100 किलोच्या आसपास, आणि ही किंमत मांसाची नाहीच, तिच्या बीजांची आहे.

इकडे ट्रॅक्टर आल्यावर ओंगोलचं काम गेलं आणि तिची संख्या घटत गेली, तिच्याच वंशाच्या एवढ्या नोंदी तिकडे असताना, याचं मला फार वाईट वाटतं.