टेंडर रद्द झाले? गोव्यातील कंत्राटदाराने आधी काय करावे

सार्वजनिक बांधकाम खात्याचे हॉटमिक्स डांबरीकरण असो, पालिकेचे गटार असो की पंचायतीची संरक्षक भिंत, सगळ्यांत कमी दर भरूनही वर्क ऑर्डर येत नाही आणि एके दिवशी पोर्टलवर निविदा रद्द झाल्याचे दिसते. लहान कंत्राटदार इथेच हात टेकतात, नाहीतर ओळखीच्या आमदाराच्या दारी जातात. त्यात गेलेले दिवस पुढे फार नडतात.

कमी दर भरला म्हणून काम मिळालेच पाहिजे, असा हक्क कायद्यात नाही. ‘कारण न देता निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे’ ही ओळही जवळपास प्रत्येक निविदेत असते. पण त्या ओळीमुळे खाते राज्यघटनेच्या कलम १४ मधून सुटत नाही. समान वागणूक आणि पटण्यासारखे कारण, एवढे मागण्याचा हक्क तुम्हाला आहेच. निधी नाही, अंदाजपत्रक चुकले, दर बाजारभावापेक्षा फार चढे आले, अशी कारणे सहसा टिकतात. मात्र काम तेच ठेवून, एखाद्यालाच जमतील अशा अटी घालून लगेच नवी निविदा काढली, तर खात्याला उत्तर देणे जड जाते. कोलकात्यातील दोन भुयारी मार्गांच्या देखभालीची मंजूर झालेली निविदा रद्द करणे मनमानी ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो निर्णय मोडीत काढला.

पहिले काम म्हणजे कारण लेखी मागणे. निविदा काढणाऱ्या कार्यकारी अभियंत्याला किंवा मुख्याधिकाऱ्याला पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. नुसता ईमेल पुरेसा समजू नका. लेखी कारणाला एवढे महत्त्व का? आदेशात नसलेले कारण खात्याला नंतर प्रतिज्ञापत्रातून जोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितले आहे. त्याच दिवशी माहिती अधिकाराखाली फाईलवरील टिपणी, तुलनात्मक तक्ता आणि निविदा समितीचे इतिवृत्त मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पण उत्तराची वाट पाहत न्यायालयात जायचे थांबू नका.

जपून ठेवायचे कागद: निविदा सूचना आणि सगळी शुद्धिपत्रके, बोली भरल्याची पोर्टलवरील पोच, तांत्रिक व आर्थिक बोली उघडल्याचा तपशील, बयाणा रक्कम (बोलीसोबत भरायची अनामत) भरल्याची पावती, कंत्राटदार नोंदणी, खात्याशी झालेला सगळा पत्रव्यवहार. पोर्टलवरील पानाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असा काढा, कारण पान नंतर बदलू शकते. भागीदारी असेल तर सहीचे अधिकारपत्र, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव लागतो. ज्याने बोलीच भरली नाही, त्याची तक्रार सहसा ऐकली जात नाही.

दाद मागायची ती पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात, राज्यघटनेच्या कलम २२६ खालील रिट याचिकेने. ठरावीक मुदत नाही, पण उशीर झाला की याचिका तिथेच लंगडी पडते. नव्या निविदेची वर्क ऑर्डर निघून खडी पडायला लागली की स्थगिती मिळणे फार कठीण, आणि रस्ते-पुलांसारख्या पायाभूत कामांत तर न्यायालये त्याहून सावध असतात. दुसऱ्याला काम मिळाले असेल तर त्यालाही प्रतिवादी करावेच लागते. नव्या निविदेत भाग घ्यायचा असेल तर ‘हक्क अबाधित ठेवून’ असे पत्र आधी देऊन ठेवा. गुपचूप बोली भरली तर रद्द करणे तुम्ही मान्य केले, असा युक्तिवाद होतो.

न्यायालय तुमच्या दराची नव्हे, तर खात्याने निर्णय कसा घेतला याची तपासणी करते. त्यामुळे जिंकलात तरी बहुतेक वेळा रद्द करण्याचा आदेश मोडून प्रकरण फेरविचारासाठी खात्याकडे परत जाते. थेट काम हाती येणे विरळा. बयाणा रकमेसाठी वेगळा अर्ज लगेच द्या. खात्यानेच निविदा रद्द केली असेल तर ही रक्कम अडवून ठेवायला सहसा आधार नसतो. मात्र बोलीचा वैधता काळ संपण्याआधी रागाच्या भरात स्वतःच बोली मागे घेतली, तर ती रक्कम जप्त होऊ शकते.